दोनशे चाळीसची बेरीज

कुंदाताई, तुझ्या जागी पल्लवीला घेतलं. आधी हेच सांगून टाकते, कारण फिरवून बोललेलं तुला आवडायचं नाही. शिवाय तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, गॅसवर काही नसताना गॅस बंद आहे का ते बघून येते, परत बसते. तेव्हा मुख्य गोष्ट आधी.

पल्लवी म्हणजे ती निळ्या टोपीवाली, सीवूड्स स्टेशनसमोरच्या टॉवरमध्ये राहणारी. वय एक्केचाळीस. आपल्या लेडीज बॅचमध्ये एक्केचाळीस म्हणजे पोरगी, आणि तू तिला हाकही तशीच मारायचीस. चांगली पोहते. माझ्यापेक्षा वेगात, तुझ्यापेक्षा तर फारच. पण तिला घेतल्यामुळे आपली बेरीज मोडली, आणि ती बेरीज आपण किती जपली होती हे तिला समजावून सांगताना माझा आवाज उगाच चढत होता.

मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या, स्पर्धेत रिलेचा गट चौघींच्या वयांच्या बेरजेवर ठरतो. वर्षअखेरीस जे वय भरेल ते धरायचं. दोनशे ते दोनशे एकोणचाळीस हा एक गट, दोनशे चाळीसपासून पुढचा. हा नियम मी पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा तू पूलच्या कठड्यावर पाय सोडून बसली होतीस. तू चक्क टाळी वाजवलीस.

"म्हंजे आपलं वय हितं जमेला धरतात? गो, जल्मात पयल्यांदा!"

मागच्या वर्षीची गोष्ट. मीराताई त्रेसष्ट, शैला सत्तावन्न, मी बावन्न आणि तू सहासष्ट. मी मनातल्या मनात मिळवलं. दोनशे अडतीस. दोनशे चाळीसच्या गटात आपल्याला पदकाची आशा होती. खालच्या गटात जेमतेम पन्नाशी गाठलेल्या बायकांसमोर आपण शेवटच्या आलो असतो. दोन वर्षं कमी पडत होती.

"मी दोन वर्सांनी मोठी हाय," तू म्हणालीस. "शालेत मास्तरांनी कमी लावलंय."

"आधार कार्डावर काय आहे?"

"मास्तरांनी लावलं तेच असनार ना. एक जून."

"मग सहासष्ट."

"आनि हा गुडघा? हा अडुसष्टचा हाय. त्याला दाखव तुझं कार्ड."

शैला हसून हसून पाण्यात पडायची बाकी होती. मीराताई आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, त्या तेवढ्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "एक जून आमच्याच लोकांचं काम. वर्ग भरायचे असायचे." मी मात्र अडून बसले. कळंबोलीच्या पोलाद बाजारात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मी वर्षानुवर्षं हिशोब बघते. कागदावर नाही ते मी धरू शकत नाही. तुला ते ठाऊक होतं. तू रागावली नाहीस. उलट तोडगा तूच काढलास.

"मग थांबू ना वरीसभर. दोन वर्सं पायजेत, तर चौघी एकेक वर्सानं म्हाताऱ्या होऊ. चार मिलतील."

हिशोब बिनचूक होता. मीच मान डोलावली. जिंकण्यासाठी म्हातारं व्हायची वाट बघणारा संघ आपल्याशिवाय कुठे असेल असं मला वाटत नाही. वर्षभर आपण कुणाचा वाढदिवस आला की "चला, एक आला" म्हणायचो. यंदा बेरीज दोनशे बेचाळीस झाली असती. प्रवेशिका भरायची वेळ आली आणि तू गेलीस.

हे मला गिळता येत नाही. दुःख म्हणावं तर ते रडून बाहेर पडतं. हे पडत नाही. ऑफिसात व्हाउचर तपासता तपासता डोक्यात परत परत तीच चार वयं मिळवते. जणू कुठेतरी माझी चूक निघेल आणि तू परत मिळशील.

*

तुझ्या घरी भेटायला गेलो त्या दिवसाचं सांगते. तू होतीस, हार घातलेल्या फोटोत, पण तुला कळलं नसणार.

गच्चीवर मांडव घातला होता. खाडीचा वारा येत होता, खुर्च्या सरकत होत्या. तुझा चुलत दीर आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "या वयात बाईमानसानं पोहायला जायाचं? सांगून थकलो आमी." आम्ही तिघी एका ओळीत, पांढऱ्या साड्यांत, शाळेत शिक्षा झालेल्या पोरींसारख्या बसलो. तुझी सून चहा फिरवत होती. ती तिथेच थांबून म्हणाली, "काका, डॉक्टर बोल्ले ना, नस आधीपासून बंद होत आलेली. आई पान्यात नाय गेल्या, पोळ्या करताना गेल्या. मग पोळ्या बंद करू का सगल्यांनी?" दिराने चहाचा कप उचलला. तुझी सून तुझ्याच तालमीत तयार झाली आहे.

पण घरी आल्यावर मी स्वतःला विचारलं. पोहण्याने तुझं आयुष्य वाढलं, की कमी झालं? पाळी गेल्यावर बायकांच्या हृदयाचं संरक्षण कमी होतं, हे मला माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. व्यायामाने फायदा होतो हेही सांगितलं होतं. तुझ्या बाबतीत कशाने किती झालं, हे कोणी सांगू शकणार नाही. पोहण्याने तुला जास्तीची वर्षं मिळाली असा दावा मी करणार नाही. मला तसं वाटतं, एवढंच.

त्याच मांडवात तुझी थोरली बहीण भेटली, उलव्याला दिलेली. रडून डोळे सुजलेले, तरी तुझ्यासारखीच बोलते. मी न राहवून विचारलं, "कुंदाताईंचं खरं वय काय हो?"

"मास्तरांनी दोन वर्सं कमी लावली," ती लगेच म्हणाली. "मी शालेत घेऊन गेलेली ना तिला, मीच. मास्तर बोल्ला, पयलीत बसवायची तर एवढीच लावतो. आमा सगल्यांना एकाच दिवशी जल्माला घातलं त्यानं."

म्हणजे मागच्या वर्षी तू अडुसष्ट होतीस. दोनशे चाळीस, तंतोतंत. आपण बसत होतो, ताई. कागदावर नाही, पण बसत होतो.

शैलाचं तोंड तुला माहीत आहे. मांडव बघत नाही, प्रसंग बघत नाही. तिने बहिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला पोहता येतं?"

"येत व्हतं. कुंदीच्या फुडं असायची मी."

"मग येता का? एकच फेरी मारायची."

"गुडघा बघ माझा आधी," म्हणत तिने साडी थोडी वर केली, आणि मग ती आणि शैला दोघी हसल्या आणि हसता हसता दोघी रडायला लागल्या. माझं दोन्हींपैकी काहीच झालं नाही. मी घरी येऊन कपाट आवरायला घेतलं.

*

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते असं सोडून जाणं तुला शोभलं नाही.

मी पोहायला शिकले ती गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. मराठवाड्यात आमच्याकडे तशीच पद्धत. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होते. स्पर्धा आणि पाळी एकदम आली की आमच्या मॅडम गोळ्या द्यायच्या, बायका पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतात त्याच. त्या घेऊन पोहले की पोट फुगलेलं, अंग जड, पाण्यात कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. पण बाहेर कोणाला सांगायची सोय नव्हती. वेळ वाईट का आली विचारलं की आम्ही म्हणायचो, झोप नव्हती झाली. ते एकदा तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "पूजेला देवाला नको आनि पोयायला मॅडमला नको. मग पाळीनं जायाचं कुठं बिचारीनं?"

पंचेचाळिशीला मी परत पोहायला लागले तेव्हा तू एकोणसाठची होतीस, दाखल्याप्रमाणे. मी "तुम्ही" म्हटलं तर तू म्हणालीस, "पान्यात कोन तुमी नसतं." सुरुवातीची वर्षं माझी फार चांगली गेली. मग पाळी अनियमित झाली आणि सगळंच ढासळलं. पहाटे घामाने जाग यायची. झोप नाही म्हणून हातपाय शिणलेले, आणि जोरात पोहलेल्या दिवसाचा शीण पूर्वी एका रात्रीत जायचा तो आता जाईना. एकदा पाण्यात असतानाच छातीपासून कानापर्यंत आग आग झाली. तू शेजारच्या लेनमधून ओरडलीस, "गो नलू, जरा लांब हो, तुझ्या बाजूचं पानी तापलं!" मग डावा खांदा धरला. हात कानापर्यंत वर जाईना. या वयातल्या बायकांना हा खांद्याचा त्रास फार होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इस्ट्रोजेन कमी होतं, स्नायू लवकर झिजतात, सांधे कुरकुरतात, हाडं विरळ होतात. नुसतं पोहून हाडांना भार मिळत नाही, वजनं उचला, अंडी-डाळी वाढवा. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मी येऊन तुला सांगितलं.

"माझा पन खांदा धरलेला," तू म्हणालीस. "दीड वरीस. मला वाटलं नजर लागली. सासूनं मिरच्या ओवाळल्या."

"मग?"

"मग काय. मिरच्यांनी सुटला की आपोआप सुटला ते मिरच्यांना ठाऊक."

वजनांचं मात्र तू ऐकलंस. पाण्याचे पाच लिटरचे कॅन दोन हातात धरून गच्चीवर फेऱ्या मारायला लागलीस. भाडेकरूंना वाटलं, नळाला पाणी आलं नाही. दोन बिऱ्हाडांनी बादल्या भरून ठेवल्या.

पण माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. मी म्हणत होते, वय ही उतरण आहे. हळूहळू उतरते, पुरुषांनाही लागते, तिचा हिशोब करता येतो. आपल्याला जे होतं ते वेगळं. चालता चालता एकदम पायरी लागते आणि पाय खाली जातो. तू म्हणायचीस, "नाव दिल्यानं काय फरक पडतो? होतं सगल्यांना." मी म्हणायची, पडतो. नाव नसेल तर बाई समजते आपण आळशी झालो, आपलं मन लागत नाही. मग ती जास्त जोर लावते, जखमी होते आणि सोडून देते. किती जणी आपल्या बॅचमधून अशाच गेल्या. घरी सांगितलं, वेळ मिळत नाही.

शेवटचं भांडण तू जायच्या दोनच दिवस आधीचं. कपडे बदलायच्या खोलीत. मी केस पुसत होते. म्हटलं, ही रिले झाली की मी थांबणार. गेल्या चार वर्षांत माझी वेळ दर वर्षी वाईट होत गेली आहे. ही रेघ अशीच पुढे ओढली तर साठीला मी बुडेन.

"रेघ कशाला वढतेस?" तू म्हणालीस. "पायरी हाय बोल्लीस ना तूच? मग पायरी काय खाडीच्या तलापर्यंत जाते काय? उतरलीस की फुडं सपाट लागल. मला लागलं."

मी म्हटलं, "तुला काय माहीत? तुझी सगळ्यात चांगली वेळ साठी झाल्यावर आली. आधीची वेळ तुझ्याकडे आहेच कुठे? तुला उतरण माहीतच नाही."

तू चष्मा पुसून डबीत ठेवलास. तुझी पिशवी उचललीस, चपला घातल्यास, आणि दारात वळून म्हणालीस, "गुरवारी सांगते." गुरुवारी सकाळी तुझ्या सुनेचा फोन आला.

काय सांगणार होतीस?

*

मी जे बोलले ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला टोचतं आहे.

तुझ्याकडे आधीची वेळ नाही, कारण तुला बारा-तेराव्या वर्षी पाण्यातून काढलं. तूच सांगितलं होतंस, एकदाच, विषय बदलत बदलत. त्या आधी भरतीच्या पाण्यात तू आणि बहीण, मुलग्यांच्या बरोबरीने, मिठागराच्या बांधापासून पलीकडच्या, जाळी बांधायच्या खुंटांपर्यंत पोहायचात. मग पाळी आली. आजी म्हणाली, आता पोरगी पाण्यात दिसायला नको. झालं. लग्न, मुलं, शेत गेलं, इमारत आली, भाडेकरू आले. पाळी गेल्यावर पूलमध्ये पैसे भरून नाव घातलंस. "आली तवा भायेर काडलं, गेली तवा मी परत शिरले," म्हणालीस आणि चष्मा डोळ्यांवर ओढून पाण्यात गेलीस.

मी तेव्हा फक्त हसले होते. आता ते वाक्य घेऊन घरभर फिरते आहे. बाईच्या शरीरात ज्या वर्षांत सर्वात जास्त ताकद असते, ती सगळी वर्षं तू कोरडी काढलीस. माझी वेळ हार्मोन्सनी खाल्ली असेल, थोडी वयानेही. तुझी तर मोजलीच गेली नाही. पंचविशीची कुंदा किती वेगाने पोहली असती? माझ्यासारखीला एवढी एक संख्या हवी आहे, आणि ती जगात कुठेच नाही. त्या मास्तरांनी तुझी दोन वर्षं खाल्ली त्याचं मला वाईट वाटत होतं. इथे चाळीसच्या वर गेली.

आणि तरी तू रडगाणं गायली नाहीस. तू मला सोबत दिलीस. घामाच्या रात्रीनंतर मी पूलवर यायची ती तू येणार म्हणून. तू लेनमध्ये उतरताना पाण्यावर तळहात आपटून "सरक गो" म्हणायचीस, पाण्याला. त्यासाठी यायची मी. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "हिशोबी बायका असं बोलत नसतात."

*

पल्लवीला घेतल्यावर बेरीज झाली दोनशे सोळा. म्हणजे ज्या गटाला टाळण्यासाठी आपण वर्षभर थांबलो त्याच गटात आम्ही. शेवटच्या येऊ. शैलाचा मुलगा म्हणतो, "आई, यंदा राहू दे." मीराताई म्हणतात, "मी एका पायावर तयार." शैला म्हणते, "दुसऱ्या पायात गोळे येतात म्हणून."

प्रवेशिका भरायला बसले तेव्हा शेवटची फेरी कोणाची हे लिहायचं होतं. ती नेहमी तुझी. तू म्हणायचीस, "मला शेवटी ठेवा, मला कुठं घाई हाय." मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग माझं नाव लिहिलं. पल्लवी वेगवान आहे, शेवट तिला द्यायला हवा, हिशोब तेच सांगतो. पण लिहिलं माझंच.

काल सराव केला. मीराताई, शैला, मग पल्लवी, मग मी. पल्लवी भिंतीला टेकली आणि मी उडी मारली. खांदा अजून पूर्ण वर जात नाही. तरी मध्यावर गेल्यावर, कसं कोणास ठाऊक, दम लागेना, हात आपापले चालू लागले. वेग नव्हता. पण तू सांगितलेलं सपाट ते हेच का, असं क्षणभर वाटलं. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गुरुवारी तू याहून जास्त सांगितलं असतंस.

बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसलो. शैला म्हणाली, "पुढच्या वर्षी दोनशे वीस होऊ, तरी कमीच." माझ्या डोक्यात तोवर बेरीज सुरू झाली होती. दर वर्षी चार. दोनशे सोळाचे दोनशे चाळीस व्हायला सहा वर्षं. तेव्हा मीराताई सत्तर, शैला चौसष्ट. मी एकोणसाठ, तू मला भेटलीस तेवढी. पल्लवी सत्तेचाळीस. तिची पायरी तेव्हा तिच्यापुढे असेल.

मी पल्लवीला म्हटलं, "दोनशे चाळीसच्या गटात जायचं आहे. सहा वर्षं थांबशील?"

तिने टोपी काढून पिळली. "थांबायचं कशाला, ताई? पोहत राहू ना."

मी तिला बेरीज परत एकदा सांगितली. बरोबर आहे, कुंदाताई. चौघींची मिळून दोनशे चाळीस, तंतोतंत. थांबणार म्हणाले होते, तरी त्यात माझं वय धरलेलं आहे.